एकशे त्रेचाळिसावा हात

चातुर्मासात पहाटे उठल्यापासून मातामायपुढे दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही. सव्वीस वर्षांचा नेम आहे. अंघोळ करून निघायचं, गावाच्या कमानीखालून जायचं, नाल्यावरचा रपटा, बिनकठड्याचा ठेंगणा पूल, ओलांडायचा आणि पलीकडच्या निंबाखाली शेंदूर लावलेल्या दगडापुढे वात लावायची. निंब बंजाऱ्यांच्या तांड्याच्या बाजूला येतो. आम्ही तिला मातामाय म्हणतो, तांड्यातले लोक मरियामा म्हणतात. दगड एकच आणि तेलाची बाटलीही एकच. संपली की ज्याच्या ध्यानात येईल त्याने भरायची. बहुतेक वेळा ते सुखीबाईच्याच ध्यानात येतं.

सुखीबाई म्हणजे तांड्याचे नायक लखीराम यांची बायको. शेतात जाता जाता ती निंबाखाली थांबते आणि विचारते, "लागला का, बाई?"

"लागला, माय," मी म्हणते. चातुर्मासात माझ्या दिवसाचा पहिला शब्द इतकी वर्षं तिच्याशीच झाला.

मौन मला कधी जड गेलं नाही. माझा आवाज मुळातच बारीक. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिनं हाक मारली तं कोंबडी बी मान वळवत नाई." मी हसायचे. ज्या बाईचा आवाज कोणाला ऐकू येत नाही तिला कोणी काही विचारतही नाही, आणि ते मला बरंच वाटायचं.

आमचं गाव फुलसावंगीच्या अलीकडे आहे. गाव आणि तांडा मिळून एकच ग्रामपंचायत. आमचे मालक दोनदा सरपंच होते. नाव मी घेत नाही. गाव त्यांना वामनराव म्हणतं. आता सरपंच सदाशिवराव आहेत, पण गावाचं काय ठरायचं ते अजून आमच्याच ओसरीवर ठरतं. यंदा तांड्याने अर्ज दिला की आम्हाला वेगळी ग्रामपंचायत पाहिजे, एका दाखल्यासाठी दिवस मोडून गावात यायला नको. तेव्हापासून आमच्या ओसरीवरच्या चपला वाढल्या. तांडा निघाला तर माणसं कमी होणार, कामं कमी येणार. आणि पाझर तलाव तांड्याच्या शिवारात. उद्या त्यांनी पाणी अडवलं तर गावाच्या हरभऱ्याचं काय?

"निघत नाई तांडा," मालक म्हणायचे. "ठराव ग्रामसभेत पडते. गाव मोठं हाये."

गाव मोठं आहे म्हणूनच घोळ झाला. ठराव पडणारच असं सगळ्यांनी धरलं आणि पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर निम्मं गाव सोयाबीनच्या फवारणीला निघून गेलं. तांडा मात्र झाडून आला. म्हातारी माणसं खाटेवर घालून आणली होती. समाजमंदिरात जागा उरली नाही तेव्हा तांड्यातल्या बाया नेहमीसारख्या बाहेर, खिडक्यांपाशी उन्हात उभ्या राहिल्या. आम्ही बचत गटाच्या दहा बायका आत खांबापाशी बसलो होतो. सभेला जायचं म्हणजे सगळ्यांनी गटाची एकसारखी साडी नेसायची, गुलाबी, हिरव्या काठाची.

ग्रामसेवक म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे हात वर करा."

बाहेरून, खिडक्यांमधून हात वर झाले. मला खिडकीतून सुखीबाईचा हात दिसला आणि त्याच्या मागे गावाची कमान दिसली. त्या कमानीवर आमच्या मालकांचं नाव कोरलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी तांड्यासाठी पाण्याच्या टाकीचं काम आलं होतं. ते काम फिरवून गावाला कमान करायची, हे आमच्याच ओसरीवर ठरलं. चहा मी केला होता. कप देताना मी सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुखीबाईने "लागला का?" विचारलं तेव्हा "लागला" म्हणून घरी आले. तांड्यातल्या बाया अजून डोक्यावर पाणी वाहतात. निंबाखाली टेकून घोटे चोळतात. मी पाहते.

माझा हात वर गेला. असं लिहिणं सोपं आहे, पण तो आपोआप गेला नाही. मी नेला. समोरच्या बाईच्या डोक्याएवढा, त्याहून वर नाही. हात खाली येता येता मारुतीच्या देवळात बाराच्या आरतीची घंटा झाली. श्रावणातला शनिवार होता. सगळ्यांनी बसल्या जागी हात जोडले, मीही जोडले. ग्रामसेवकांची मोजणी तोवर झाली होती.

ठरावाच्या बाजूने एकशे त्रेचाळीस. विरोधात एकशे बेचाळीस.

त्यातही कदाचित निभावलं असतं. पण लखीराम नायक मोठे रीतीचे माणूस. कोणी उपकार केला की चारचौघांत रामराम घातल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी माइक घेतला आणि हात जोडून म्हणाले, "आमी तांड्याचे मोजून एकशे बेचाळीस मानसं आलतो. एक हात गावातून आला. ज्या कोनाचा असंल त्याले तांड्याचा रामराम."

मग माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

*

"एका मतानं गाव फाटलं बापा," त्या संध्याकाळी सदाशिवराव आमच्या ओसरीवर म्हणाले.

"फाटलं नाई, फाडलं," त्यांचा पुतण्या बंटी म्हणाला. "आपल्यातल्याच कोनं तरी फाडलं."

शाळेचे गुरुजी समजुतीने म्हणाले, "अहो, तिकडं इंग्लंड देशानं असंच मत टाकून युरोपातून अंग काढून घेतलं. दहा वर्सं होत आली, अजून घराघरात भांडन हाये म्हनतात. आपन तरी—"

"त्याइच्या मधात समुद्र हाये गुरुजी," सदाशिवराव म्हणाले. "आपल्या मधात एक रपटा हाये."

बंटीने मोबाइल पुढे केला. मतदान चालू असताना त्याने व्हिडिओ काढला होता, अकरा सेकंदांचा. खिडक्यांतले हात, ग्रामसेवकांचं बोट, आणि कोपऱ्यात क्षणभर डोक्यांच्या वर आलेला एक हात. गुलाबी बाही, हिरवा काठ. तोंड खांबाआड.

"बाई हाये," बंटी म्हणाला. "बचत गटाची. धापैकी एक."

मी आतून चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो उंबऱ्याच्या आत, खालीच ठेवला.

*

दोन दिवसांत भांडण रस्त्यावर आलं. तांड्याचा ट्रॅक्टर कमानीखाली अडवला. "आता तुमची ग्रामपंचायत येगळी, तं रस्ता बी येगळा पाडा." तांड्याने तलावाच्या बांधावर माणसं बसवली. दुकानदारांना निरोप गेले. पोळ्याला तांड्याचे बैल गावच्या तोरणाखाली येऊ द्यायचे की नाही यावर देवळापुढे दोन भावांचीच मारामारी झाली. एकाच्या सासऱ्याचं शेत नाल्यापलीकडे होतं म्हणून. रपट्यावर पोरांनी बांबू आडवा बांधला.

तिसऱ्या पहाटे मी बांबूपाशी पोचले तेव्हा बॅटरीचा उजेड डोळ्यांवर आला.

"कोन हाये?"

"वामनकाकाची काकू हाये बे. उजेड खाली घे."

तीन पोरं होती. बंटी पुढे आला. "काकू, पलीकडं कायले जाऊन राह्यल्या? आता थे दुसऱ्याची हद्द हाये. काकाले म्हना, देव बी इकडं आना."

"देव आनता येते," मागचा म्हणाला, "निंब कसा आनतं?"

बंटी हसला नाही. त्याने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. त्या उजेडात माझाच हात पुन्हा वर आला, थरथरला, खाली गेला. "तुमी बी त्याच रांगेत होत्या ना? खांबाले टेकून कोन बसली होती? एकडाव नाव सांगा फक्त. बाकीचं आमी पाहून घेतो."

मी ताट छातीशी धरून उभी. तोंड उघडता येत नव्हतं, आणि उघडायची गरजही नव्हती.

"मौन हाये काकूचं," मागचा पोरगा म्हणाला. "चार महिने बोलत नाईत सकाळी. जाऊ दे."

बांबू वर झाला. मी खालून वाकून गेले.

निंबाखाली तीन काड्या विझल्या, चौथी लागली. सुखीबाई नव्हती. तेलाची बाटली मात्र भरलेली होती, आणि दिव्यात कोणीतरी आधीच लावलेल्या वातीचं काळं टोक होतं. म्हणजे ती येऊन गेली होती, अंधारातच, कोणी पाहायच्या आत. माझा पहिला शब्द कोणाशी बोलू ते कळेना. "लागला," मी त्या झाडाला म्हटलं. परत येताना सारखं वाटत होतं की देवीचा नेम मी आज ढालीसारखा पुढे धरला. हे पुण्य कोणत्या खात्यात जाईल?

*

नाव त्यांनीच शोधलं. इंदुताईचं.

इंदुताई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. गावाची पोरं, तांड्याची पोरं, एकाच पंगतीला बसतात. मागे एकदा तिने गटाच्या बैठकीत म्हटलं होतं, "तांड्यातल्या बाया दर सभेले उनात उभ्या राह्यतात, थे काही बरं दिसत नाई." तेवढं वाक्य लोकांना आठवलं. सभेत ती माझ्या बाजूलाच बसली होती, हेही आठवलं. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या आयांनी पोरांना डबे देऊन पाठवलं. खिचडीचं पातेलं भरलेलं राहिलं. मग एका सकाळी तिच्या चुलीत कोणीतरी बादलीभर पाणी ओतून गेलं. दुसरी बाई ठेवायची बोलणी सुरू झाली.

ती दुपारी आमच्याकडे आली. मागच्या दाराने, पदर तोंडावर ओढून.

"वच्छलाकाकू, तुमी तरी काकाले सांगा. देवाची शप्पथ, माहा हात नव्हता. नवरा पुन्यात कंपनीत हाये, मी एकटी लेकरायले घेऊन राह्यते. काल दारावर गोटा आला. लहानी खुशी रातभर झोपली नाई." तिने माझे पाय धरले. "तुमच्यासारख्या देवमानसानं एक शब्द टाकला तं गाव ऐकते."

दुपारची वेळ होती. दिवा केव्हाच लागला होता, मौन सुटलं होतं. तरी 'हात माझा होता' एवढं मी म्हटलं नाही. मी तिला उठवलं, ताक दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात. ती म्हणाली, "तुमचा हात लागला की बरं वाटते."

ती गेल्यावर मी देवघरात बसून वाती वळल्या. रोज एकशे आठ वळते. त्या दिवशी किती झाल्या ते मोजलं नाही.

मालकांना सांगावं का? पस्तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही. पण माणसाच्या कमानीवरचं नाव त्याच्या घरातूनच खरवडलं जातंय असं कळल्यावर तो काय करेल, ते मला ठाऊक नव्हतं. आणि बंटीची पोरं काय करतील ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता. घास घ्यायचे, व्हिडिओ लावायचे. पाच वेळा, सहा वेळा. मी भाकरी वाढायला वाकले.

"हे बोटं पाहा," ते म्हणाले.

मी पाहिलं. वर गेलेल्या हाताचा पंजा उघडा नव्हता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जुळलेली होती, चिमटीत काही धरल्यासारखी.

"वात वळनारीचे बोटं हायेत," ते म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांनी भाजी संपवली, ताटात हात धुतला, मग विचारलं, "घंटा कवा झाली?"

"हात उचलल्यावर."

"नाई. आधी झाली." लेकराला पाढा शिकवावा तसं ते म्हणाले. "घंटा झाली, तू हात जोडाले वर केले, अन् ग्रामसेवकानं एक हात मोजला. चूक त्याची. व्हिडिओ तिथंच तुटते, पुढचं कोनापाशी नाई. तू तसं लिहून दे. एक हात कमी झाला की बरोबरी होते, अन् बरोबरीत सरपंचाचं मत. ठराव पडला. इंदी सुटली. तुह्याकडं कोनी बोट दाखवत नाई, माह्याकडं बी नाई."

"अन् तांडा?"

"तांडा जिथं हाये तिथंच राह्यते. कुठं जाते?"

मी भांडी आवरायला घेतली. मग मी पाठमोरीच म्हणाले, "अन् नाई लिहून देलं तं?"

मी वळून पाहिलं. ते तांब्या उचलत होते आणि पाणी काठावरून सांडत होतं. "तं काय होते थे मले बी सांगता येत नाई," ते म्हणाले. "बांबू बांधा म्हनून मीच सांगतलं होतं पोराइले. आता सोडा म्हनतो तं आयकत नाईत."

त्यांना घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझा उरलासुरला धीर गेला. संध्याकाळी बंटी कागद लिहून घेऊन आला. मला पाहून वरमल्यासारखा हसला. "काकू, आधीच सांगायचं ना. आमी उगाच इंदुताईच्या मागं लागलो." मी सही केली. वच्छलाबाई, इतकंच. अक्षर वाकडं आलं.

*

फेरविचाराची सभा आठ दिवसांनी ठेवली. सभेच्या दिवशी पहाटे बांबू मी पोचायच्या आधीच वर झाला. "या काकू," पोरं म्हणाली.

निंबाखाली सुखीबाई होती. इतक्या दिवसांनी. मी वात लावायला वाकले तर दिव्यात एक वात जळत होती. मी माझी शेजारी ठेवली.

"लागला का, बाई?"

माझं तोंड उघडेना. सुखीबाईला वाटलं मी तिच्यावरही रागावले.

"तू वामनरावच्या घरची, तुले राग येनारच," ती खाली पाहत म्हणाली. "येक सांगू? थो हात कोनाचा, मले माहीत नाई. लखीराम म्हनते, शोधू बी नोको, त्याचं वाईट होईल. म्हनून मी अंधारात येऊन मरियामापुढं येक वात त्या हातासाठी लावून राह्यली. बारा दिस झाले. म्हनलं, याडी, माये, त्याले सांभाळ. भेलं असंल बिचारं."

दोन्ही वाती एकमेकींना टेकून जळत होत्या. मी ताट उचललं आणि काही न बोलता घरी आले. त्या दिवशी माझा पहिला शब्द निघालाच नाही.

*

सभेला आम्ही दहाही बायका आलो, पण गुलाबी साडी एकीनेही नेसली नव्हती. इंदुताई सगळ्यांत मागे, दाराशी एकटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा मोकळी होती. तांड्याच्या बाया खिडक्यांपाशी उन्हात. बंटीची पोरं भिंतीला टेकून, हातात काही नाही, पण दाराबाहेर बांबूंची मोळी उभी केलेली मी येताना पाहिली होती. तांड्याचे तरुणही रपट्यावर थांबलेत असं कोणीतरी कुजबुजलं.

ग्रामसेवकांनी माझा कागद वाचला. "...आरतीची घंटा ऐकून नमस्कारासाठी हात वर केले असता, सदर हात चुकीने ठरावाच्या बाजूने मोजण्यात आला..." समाजमंदिरातून सुस्कारा गेला. कोणीतरी हसलंही. "वामनरावची बाई होय! मंग बरोबर हाये. देवाची मानूस." खिडकीत लखीराम नायकांनी डोळे मिटले. सुखीबाई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मी पाहू शकले नाही.

"बाई, हे खरं आहे का?" ग्रामसेवक म्हणाले. "तोंडी सांगा, म्हणजे मी नोंद घेतो."

मी उभी राहिले. मालक पुढच्या खुर्चीवर, माझ्यापासून दोन हातांवर. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"घंटा नंतर झाली," मी म्हणाले.

कोणाला ऐकू आलं नाही. कोंबडीनेही मान वळवली नसती.

"जोरानं सांगा बाई."

मालकांनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी वळून पाहिलं, आणि मग ग्रामसेवकांना मोठ्याने म्हणाले, "ती म्हनते, घंटा झाली म्हनून. लिहा."

ग्रामसेवकांचं पेन कागदाला टेकलं.

"तिले बोलू द्या ना, वामनराव," खिडकीतून सुखीबाई म्हणाली.

मग जो आवाज निघाला तो माझा आहे हे मलाच दोन शब्दांनंतर कळलं. फाटका, चिरका, लग्नात सनई बिघडावी तसा. "घंटा नंतर झाली. हात आधी उचलला. मीच उचलला, अन् समजून उचलला. कागदावर लिहिलेलं खोटं हाये."

"काहून?" मागून कोणीतरी ओरडलं. "काहून उचलला?"

"तांड्याच्या टाकीचं काम आलं होतं, तवा ओसरीवर चहा मीच केला होता."

बहुतेकांना ते कळलं नाही. ज्यांनी तो चहा प्यायला होता त्यांना कळलं. सदाशिवरावांनी मान खाली घातली. मालक उठले, खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलून नीट जागेवर ठेवली, आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेले.

मग एकच गलका झाला. "काकाच्या घरातच होता साप!" हा बंटीचा आवाज. खिडकीचं तावदान फुटलं. बाहेर बायांचा आरडाओरडा, त्यांच्या दागिन्यांच्या घुंगरांचा आवाज, पळणारी पावलं. ग्रामसेवक कागद पोटाशी धरून ओरडत होते, "ठराव कायम! ठराव कायम आहे!" आणि मागच्या दाराकडे सरकत होते. माझ्या गटाच्या बायका माझ्यापासून सरकल्या, जशा इतके दिवस इंदुताईपासून सरकल्या होत्या. गुरुजी दारात हात पसरून उभे राहिले म्हणून पोरं बांबूंच्या मोळीपर्यंत लगेच पोचली नाहीत, आणि तेवढ्या वेळात लखीराम नायकांनी आपली माणसं रपट्यापलीकडे नेली. डोकी फुटली नाहीत ती त्या दोघांमुळे.

इंदुताई गर्दीतून माझ्याकडे येताना दिसली. मला वाटलं आता ती गळ्यात पडेल.

"मी पाय धरले होते तुमचे," ती म्हणाली. "ताक पाजलं तुमी मले. तवा कुठं गेली होती ही जीभ?"

 

*

घरी मालक ओसरीवर बसले होते. मी ताट वाढलं. त्यांनी ते हळूच बाजूला सरकवलं. संध्याकाळी ओसरीवर कोणी आलं नाही. चपलांची जागा रिकामी होती. अंधार पडल्यावर पत्र्यावर एक दगड आला, मग दुसरा. ते उठले नाहीत, मीही उठले नाही. आम्ही दोघं दोन भिंतींना टेकून बसून होतो, मध्ये विझत आलेला कंदील. वीज होती. लावावी असं कोणालाच वाटलं नाही. ते एकच वाक्य बोलले, तेही कंदिलाकडे पाहून. "उद्या जाऊ नको."

सव्वीस वर्षांत नेम मोडला नव्हता. पहाटे अंघोळ केली. ताट घेतलं, वात घेतली. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दार ओढून घेतलं.

कमानीखाली आले तेव्हा मागे पावलं ऐकू आली. मी थांबले, पावलंही थांबली. चालू लागले, तीही चालू लागली. देवीचं नाव मनात घेत होते आणि ते मध्येच विसरत होते. वळून पाहायचा धीर नव्हता. मग ऐकलं. उजव्या टाचेखाली खिळा वाजत होता, टक, आणि डावं पाऊल मुकं. महिनाभरापासून मी म्हणत होते की पुसदला गेलात की ती चप्पल शिवून आणा.

रपट्यावर पोरं होती. बंटीने बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि तशीच ठेवली. बांबू वर झाला नाही. मग उजेड माझ्या खांद्यावरून मागे गेला, तिथे थोडा वेळ थांबला, आणि खाली जमिनीवर आला. बांबूची एक बाजू सुटली.

मी पलीकडे गेले. खिळा वाजायचा थांबला.

निंबाखाली सुखीबाई आधीच उभी होती, पदराच्या आडोशाने काडी धरून. वात तिनेच सरळ केली. दिवा लागला. तिने विचारलं नाही. मीच म्हणाले, "लागला, माय."

मग मी मागे वळून पाहिलं. झुंजुमुंजू झालं होतं. ते रपट्याच्या गावाकडच्या टोकाशी, बांबूला हात लावून उभे होते. पाऊल पुढे टाकलं नव्हतं. तो बांबू त्यांनी माझ्यासाठी उघडा धरला होता, की मी आले की पुन्हा बांधायचा होता, ते तिथून दिसत नव्हतं. परत जायचं तर त्यांच्याच समोरून जायचं होतं. मी ताट उचललं आणि चालू लागले.